घंटा कोणी वाजवायची?

विद्यापीठ म्हटले म्हणजे ग्रंथालय, झाडांची सावली आणि तासाची घंटा आपल्या डोळ्यांपुढे येते. तिथे संकटाचा विचार कोण करतो? पण वाचकहो, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाला १६ एप्रिल २००७ रोजी तो करावा लागला, आणि तोही उशिरा.

सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोन विद्यार्थी गोळ्यांना बळी पडले. भांडण खाजगी असावे, मारेकरी आवाराबाहेर गेला असावा, असा पोलिसांनी कयास बांधला. तो चुकला. वरिष्ठांची बैठक बसली, मजकूर ठरला, आणि सर्वांना ई-मेलने सूचना गेली ती ९ वाजून २६ मिनिटांनी! गोळीबार झाला आहे, सावध राहा, एवढेच तीत होते. कोणी दगावल्याचा उल्लेखही नव्हता. तोवर मुले वर्गात बसलीसुद्धा होती. मग जेमतेम पाव तासात त्याच मारेकऱ्याने नॉरिस हॉल या इमारतीत गोळीबार सुरू केला. तो तिथलाच विद्यार्थी. दारांना आतून साखळ्या लावून त्याने आणखी ३० जणांचे प्राण घेतले आणि शेवटी स्वतःचाही. ७६ वर्षांचे प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कू यांनी वर्गाचे दार अंगाने रेटून धरले. तेवढ्या अवधीत त्यांची बरीच मुले खिडकीतून उड्या टाकून वाचली. ते स्वतः मात्र गेले. लहानपणी नाझींच्या छळातून वाचलेले हे गृहस्थ!

पुढे गव्हर्नरांनी चौकशी समिती नेमली. तिला काय आढळले? सूचना धाडण्याची सोय विद्यापीठाच्या पोलिसांच्या हाती नव्हतीच. घटनास्थळी होते ते एक, आणि घंटा वाजवणार दुसरेच!

कायदा नव्हता असे नाही. ‘वेळेवर सूचना द्या’ असे अमेरिकेतला १९९० चा कायदा सांगतच होता. पण वेळेवर म्हणजे किती वेळात? २००८ साली त्यात भर पडली: धोक्याची खात्री पटताच विनाविलंब सूचना द्यावी, आणि तिची यंत्रणा वर्षातून एकदा तरी चालवून पाहावी. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याकडेही सांगतातच की!

तेव्हा मुलाला कॉलेजात घालताना फी विचारा, वसतिगृह पाहा. पण एक प्रश्न आणखी विचारा. संकट आले तर घंटा वाजवायचा अधिकार इथे कोणाला आहे? उत्तर देणारा ‘बैठक घेऊन ठरवू’ म्हणाला, तर व्हर्जिनियातले ते दोन तास त्याला जरूर सांगा.