परंपरा कोणत्या आजाराची?

मिल्क थिसल या जांभळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांतून काढलेले सिलिमरिन दारूने बिघडलेल्या यकृतावर आजही दिले जाते. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांतही त्याच्या गोळ्या मिळतात. त्याची बाजू मांडताना सर्वात आधी दोन हजार वर्षांच्या परंपरेचा दाखला दिला जातो. परंपरा खरी आहे, पण ती या आजाराची नाही. पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने या झुडपाचा रस मधातून पित्तावर सांगितला. त्याच शतकातल्या ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने बिया सर्पदंशावर सुचवल्या, तर १५९७ मध्ये इंग्लंडच्या जॉन जेरार्डने हे झुडूप विषण्णतेवर गुणकारी मानले. कावीळ आणि यकृताची दुखणी पुढे आली ती सतराव्या शतकात, इंग्लंडच्याच वनौषधीकार कल्पेपरच्या लेखनात. एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टर राडेमाखर यांनी बियांचा अर्क यकृत आणि प्लीहेच्या विकारांवर वापरला, तेव्हा कुठे आजच्या वापराची चाहूल लागते.

आजाराचा इतिहास मात्र निराळ्या वाटेने गेला. अति मद्यपान करणाऱ्यांच्या यकृतात चरबी साठते, हे लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८३६ मध्ये नोंदवले. पण दोष दारूचा की दारूपायी होणाऱ्या कुपोषणाचा, हा वाद त्यानंतर शतकभर मिटला नाही. इन्सुलिनच्या शोधात सहभागी असलेले चार्ल्स बेस्ट १९४९ मध्येही आहारातल्या उणिवांनाच जबाबदार धरत होते. १९६० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स लीबर यांनी स्वयंसेवकांना सकस आहारासोबत दारू दिली, तरीही यकृतात चरबी साठली, आणि दारूवरचा आरोप पक्का झाला. त्याच दशकाच्या अखेरीस, १९६८ मध्ये, म्युनिकमध्ये हिल्डेबर्ट वाग्नर आणि सहकाऱ्यांनी सिलिमरिन वेगळे केले. म्हणजे दारूच्या यकृतरोगावरचे औषध म्हणून सिलिमरिनचे वय जेमतेम पन्नास-साठ वर्षे आहे, आणि त्याची पारख प्लिनीच्या शब्दावर नव्हे, या काळातल्या चाचण्यांवरच व्हायला हवी.

इथे कोणी व्हिएन्नातल्या १९८९ च्या चाचणीकडे बोट दाखवेल, आणि ते रास्तच आहे. सिरोसिसच्या, म्हणजे यकृतात व्रण पडलेल्या, १७० रुग्णांपैकी सिलिमरिन घेणाऱ्यांत चार वर्षांनी ५८ टक्के हयात होते, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ३९ टक्के. लाभ दारूमुळे आजारी पडलेल्यांतच प्रामुख्याने दिसला. हा आकडा झटकून टाकता येत नाही. पण स्पेनमध्ये दारूमुळे सिरोसिस झालेल्या २०० जणांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९८ मध्ये आला. तिथे सिलिमरिनच्या गटात १५ मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात १४. पुढे २००७ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेने १८ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा काटेकोर चाचण्यांत मृत्यू टळल्याचे दिसले नाही. दुसरा आक्षेप विषारी भूछत्रांचा. त्या विषबाधेत याच बियांतले सिलिबिनिन शिरेतून देतात, कारण विष यकृताच्या पेशींत ज्या दाराने शिरते, ते दार ते अडवते. पण दारू पेशींत शिरण्यासाठी त्या दारावर थांबत नाही, म्हणून तिथला गुण इथे गृहीत धरता येत नाही. आतड्यातून सिलिमरिन फार कमी शोषले जाते, म्हणून चाचण्यांत गुण दिसला नसावा, ही तक्रार मला अधिक वजनदार वाटते. पण तिच्यातून अधिक चांगल्या चाचणीची मागणी निघते, औषध लागू पडल्याचा निर्वाळा निघत नाही.

उरतो तो सर्वात लोकप्रिय युक्तिवाद: अपाय तर होत नाही ना, मग घ्यायला काय हरकत? सिलिमरिन बहुतेकांना सोसते, हे मान्य. परंतु नुसती चरबी साठलेले यकृत दारू पूर्ण सोडल्यावर बहुधा काही आठवड्यांतच पूर्ववत होऊ लागते. त्यामुळे दारू सोडून गोळी घेणाऱ्याच्या सुधारणेचे श्रेय गोळीला जाते. आणि गोळीच्या भरवशावर जो पीत राहतो, त्याचे यकृत बरे होऊ शकणारा हाच काळ हातचा जातो. सिरोसिसचे व्रण एकदा पडले, की दारू सोडूनही ते सहसा पूर्ण भरून येत नाहीत.