परभाषेतला ट्राउट आणि सोनिवलीचा मल्या

भाषांतराच्या अभ्यासपत्रिकेसाठी आम्ही काही वर्षे एक उतारा वापरत असू. नॉर्मन मॅक्लीन या अमेरिकन लेखकाच्या 1976 साली प्रसिद्ध झालेल्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' या दीर्घकथेतला तो होता. मोंटानातला एक धर्मोपदेशक आपल्या दोन मुलांना नदीवर ट्राउट मासा धरायला शिकवतो. धर्म आणि मासेमारी यांत त्या घरात फारसा भेद केला जात नाही. उतारा सोपा नव्हता, पण विद्यार्थ्यांना तो आवडे. 'ट्राउट'ला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न बहुतेकांना पडतच नसे. कोणी 'ट्राउट मासा' लिही, कोणी नुसते 'मासा' लिहून मोकळा होई.

एका वर्षी बदलापूर पश्चिमेकडच्या सोनिवलीहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने तिथे 'मल्या' लिहिले. आम्ही त्याखाली लाल रेघ ओढली, समासात 'अर्थच्युती' असा शेरा लिहिला आणि दोन गुण कापले. तो विचारायला आला. म्हणाला, "सर, मल्यापण धारेच्या उलटा चढतो. माझा बाप मला घेऊन जायचा तेव्हा आम्ही मल्येच धरायचो." आम्ही त्याला ट्राउट हा थंड पाण्यातला वेगळा मासा आहे, सांस्कृतिक संदर्भ बदलून चालत नाही वगैरे समजावले. ते खोटे नव्हते. पण 'मल्या' हा शब्द आम्हा तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हता, आणि ही गोष्ट आम्ही त्याला सांगितली नाही.

तो शब्द आम्हाला पुन्हा भेटला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. 1824 साली मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तनिवेदक म्हणून त्याची नेमणूक झाली आणि पुढची काही वर्षे दख्खनची जमीन, शेतसारा, लोकसंख्या, पक्षी, प्राणी असे जे दिसेल ते मोजत आणि टिपत तो हिंडला. पुढे इंग्लंडात परतल्यावर 1839 साली त्याने दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला. भीमा आणि मुळा-मुठेच्या पाण्यातल्या अनेक माशांना शास्त्रीय नावे पहिल्यांदा मिळाली ती या निबंधात. लॅटिन नावे देताना साइक्सने एक गोष्ट केली, जी त्या काळच्या सगळ्याच निसर्गशास्त्रज्ञांनी केली नाही. ग्रीक किंवा लॅटिन विशेषणे शोधत बसण्याऐवजी त्याने पुष्कळदा कोळ्यांच्या तोंडचेच नाव उचलले आणि रोमन लिपीत बसवले. त्यामुळे आजही जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ 'गारा मल्या', 'लेबिओ बोगट', 'मिस्टस शिंगटी', 'टॉर खुडरी' अशी नावे लिहितो तेव्हा दुसरा शब्द तो मराठी लिहीत असतो. त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

'गारा मल्या' म्हणजे ओढ्यांतल्या दगडांना तोंडाने चिकटून राहणारा, शेवाळ खरवडून खाणारा आणि धारेच्या उलट चढणारा लहानसा मासा. म्हणजे विद्यार्थ्याचा मल्या.

इथे भाषेच्या अभ्यासकाला थोडे थांबावेसे वाटते. साइक्सच्या रोमन लिपीतून मूळ उच्चार काढणे हा गमतीचा आणि काहीसा दुःखाचा उद्योग आहे. त्याचे 'खुडरी' खरोखर खुडरी, की खुदरी, की खुद्री? 'मल्या', की ठाणे-रायगडकडे कानावर पडतो तसा 'मळ्या'? रोमन लिपीत ड आणि द, ळ आणि ल एकाच अक्षरात विरघळून जातात. याच सुमारास मोल्सवर्थ आणि कँडी बंधू शास्त्र्यांच्या मदतीने मराठीचा कोश रचत होते. त्याची पहिली आवृत्ती 1831 ची. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात मोल्सवर्थ असतो आणि असावाच. साइक्स मात्र प्राणिशास्त्राच्या कपाटात जाऊन बसला. त्याचा निबंध एका अर्थी मराठीच्या बोलींचा लहानसा कोश आहे, असे आम्ही आता म्हणतो. बाजीराव गादीवरून गेल्याला जेमतेम काही वर्षे झाली असताना भीमेच्या काठी जाळे ओढणाऱ्यांनी सांगितलेली नावे त्यात आहेत. सांगणाऱ्यांची नावे मात्र नाहीत.

याच्याही मागे जाता येते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' (सुमारे 1129 ते 1131) मराठीच्या प्राध्यापकांना एका वेगळ्या कारणासाठी माहीत असतो. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही त्यातली नोंद ओवीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून आपण सगळेच फळ्यावर लिहितो. पाच विंशतींच्या या ग्रंथात राजाने करायच्या विनोदांमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचेही एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार, कोणता मासा कुठे राहतो, त्याला कोणते खाद्य घालून जवळ आणावे, काठी कशी, दोरी कशी, गळ कसा, हे सगळे राजा शिकवतो. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ओवीसाठी तो ग्रंथ अनेकदा उघडणाऱ्या आम्ही मंडळींनी ती पाने कधी उलटली नव्हती. अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 चे, म्हणजे 1060 चे. सोनिवलीहून ते फार दूर नाही. त्या मंदिरानंतर सत्तरएक वर्षांनी दक्षिणेतला एक राजा गळाला आमिष कसे लावावे ते संस्कृतात लिहीत होता.

राजाला हे कोणी शिकवले असेल? मासा कोणत्या डोहात बसतो आणि काय खातो हे राजवाड्यात कळत नाही. मत्स्यविनोदाच्या प्रत्येक श्लोकामागे कोणीतरी उभा आहे, ज्याला ते त्याच्या बापाने सांगितले होते.

इंग्रज आले तेव्हा त्यांनाही हाच विनोद हवा होता, पण आपल्या गावचा. घरच्या ओढ्यातला ट्राउट त्यांना इथे दिसेना. फ्रान्सिस डे याने 1863 साली निलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. काश्मीरसाठी निघालेली अंड्यांची पहिली खेप 1899 मध्ये वाटेतच गेली आणि पुढच्या वर्षी दुसरी तगली. निलगिरीत विसाव्या शतकाच्या आरंभी कुठे जम बसला. बर्फात गुंडाळून, बोटीने आणि मग डोंगर चढवून इतक्या दूरवर मासा आणायचा, तो का, तर बापाने आपल्याला जे शिकवले ते आपल्या मुलाला शिकवता यावे म्हणून! यातला साम्राज्याचा माज सोडला तर उरलेली गोष्ट फारच मानवी आहे. महाराष्ट्रात मात्र हे जमण्यासारखे नव्हते. ट्राउटला बाराही महिने गार पाणी लागते आणि आमची तळी वैशाखात कोमट होतात.

ज्यांना हे उमगले त्यांनी इथल्याच माशाकडे मोर्चा वळवला. हेन्री सलिव्हन थॉमस या अधिकाऱ्याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक 1873 साली मंगळूरहून निघाले. महसीर हा मासा गळाला लागल्यावर सामनपेक्षाही जोरकस झुंज देतो, असे त्याने आपल्या देशबांधवांना ठासून सांगितले. दख्खनचा महसीर म्हणजेच साइक्सचा 'खुडरी'.

खुडरीची पुढची हकीकत लोणावळ्याच्या तळ्यांवर घडते. टाटांनी विजेसाठी घाटमाथ्यावर धरणे बांधली. खोपोलीचे वीजकेंद्र 1915 मध्ये सुरू झाले, ठोकरवाडीच्या पाण्यावरचे भिवपुरी 1922 मध्ये. भिवपुरीची चक्रे फिरवून खाली उतरलेले पाणी उल्हास नदीला मिळते. कृष्णेच्या खोऱ्यातले, भीमेकडे जाणारे हे पाणी माणसाने पश्चिमेला वळवले, आणि उन्हाळ्यातही उल्हास वाहती राहते ती त्याच्या बळावर. म्हणजे बदलापूरच्या नळातून येणारे पाणी काही अंशी साइक्सच्याच माशांच्या प्रदेशातले आहे.

या घाटमाथ्यावर वळवण येथे 1970 च्या दशकात महसीरची पैदास सुरू झाली. त्यामागे होते डॉ. सी. व्ही. कुलकर्णी, मुंबई राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुखपद त्यांनी भूषवले होते. त्यांच्यासोबत एस. एन. ओगले. कुलकर्ण्यांविषयी आम्हाला विशेष आपुलकी वाटते ती आणखी एका कारणाने. 1952 साली त्यांनी कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका नव्या माशाचे वर्णन केले. हा मासा इतर माशांच्या अंगावरची खवले तोडून खातो. त्याला त्यांनी नाव दिले 'खवलचोर'! साइक्सनंतर शंभरावर वर्षांनी एका मराठी माणसाने लॅटिनच्या पंक्तीत बसवलेला हा सामासिक शब्द. समास शिकवताना आम्ही आता तो उदाहरण म्हणून घेतो आणि वर्ग हसतो.

वळवणची खुडरीची पिल्ले देशातल्या अनेक नद्यांत आणि तळ्यांत सोडली गेली. हेतू निर्मळ होता. धरणांमुळे आणि सुरुंग लावून होणाऱ्या मासेमारीमुळे मासा संपत चालला होता. पण कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महाकाय महसीर होता. पाहुणा खुडरी तिथे फोफावला आणि घरचा मागे हटला. त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख नीट पटली ती 2018 मध्ये, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. पेढीपेढीने त्याला धरणाऱ्या कावेरीकाठच्या लोकांना मात्र ते दोन मासे वेगळे आहेत हे सांगायला कोणा शास्त्रज्ञाची गरज नसावी, असे आम्हाला वाटते. एका परीने तोही भाषांतराचाच दोष. इंग्रजी 'महसीर' या एका शब्दाखाली दोन मासे दिसेनासे झाले.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्याला फोन केला. तोवर तो पदवी घेऊन एका कारखान्यात लागला होता. दोन गुणांचे आता काही करता येत नव्हते. तो हसला, म्हणाला, "सर, तुम्हाला बघायचं असेल तर बापाला आणि बहिणीला घेऊन जा कुठं. मला सुट्टी नाही." म्हणून एका रविवारी आम्ही त्याच्या वडिलांना आणि नऊ वर्षांच्या बहिणीला घेऊन डोंगरपायथ्याच्या एका लहान धरणाच्या तळ्यावर गेलो. उल्हासवरच का नाही, असे विचारले तर वडील म्हणाले, "तिकडं आता पानी कुठं दिसतं, जलपर्णीच दिसते."

कोणी कोणाला नेले, हा प्रश्न तळ्यावर पोचताच निकालात निघाला. आमच्याकडे साइक्सच्या नावांची यादी होती आणि त्यांच्याकडे बांबूच्या दोन काठ्या, गरी आणि डब्यात गांडुळे. पहिला तासभर ते आमच्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलत होते. कोणता मासा मिळेल असे विचारले तर "लहान मासे आहेत" एवढेच उत्तर. नावे सांगायला ते कचरत होते. मुलगी तर मराठीच्या सरांसमोर बोलायचेच नाही असे ठरवून आली असावी. शेवटी आमच्यातल्या एकीने यादी काढली आणि मोठ्याने वाचली : मल्या, बोगट, कोळस, शिंगटी. वडिलांनी वळून पाहिले. "मॅडम, यी नावं तुमच्या पुस्तकात हायत?"

त्यानंतर ते थांबले नाहीत. वलगणीच्या दिवसांत, पहिल्या मोठ्या पावसात मासा नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून शेतात कसा चढतो. अंधारात बत्ती घेऊन बाप त्यांना बांधावर कुठे उभा करी. पाग कसा फेकायचा. अंड्यावरचा मासा त्यांची आई चुलीवर टाकायला कशी नाखूश असे. मल्या गळाला फारसा लागत नाही, तो दगडाखाली हाताने धरायचा असतो, हेही तेव्हा कळले. त्या एका बाबतीत मोंटानाचा ट्राउट आणि मल्या खरोखरच वेगळे, म्हणजे आमच्या लाल रेघेला थोडासा आधार मिळाला. मराठी वाङ्मयात हे सगळे कुठे आहे, असा विचार आम्ही त्या बांधावर करत होतो. पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याला 1965 साली 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणले, तेही श्लेषासह. तिथला मुलगा म्हाताऱ्याकडे शिकलेला. चाळीस दिवस मासा मिळाला नाही म्हणून आईबापच त्याला दुसऱ्या होडीवर पाठवतात. ते क्यूबाचे पाणी आपण आपलेसे केले. उल्हासच्या काठचा बाप आणि त्याची मुलगी मात्र उत्तरपत्रिकेतल्या एका शब्दात आली होती, आणि तिथे आम्ही बसलो होतो.

दहाच्या सुमारास मुलीची काठी वाकली. तिने ओढून काढला तो वीतभर, मिशांचा, पिवळट मासा. ती हात पुढे करणार तोच वडील ओरडले, "बाय, तशी नको धरू! मागशी धर. काटा हाय." मग त्यांनी तिची बोटे आपल्या हाताने माशाच्या गालफडामागे, काट्यांच्या मधोमध बसवली. काटा लागला तर दिवसभर हात ठणकतो, असे आम्हाला सांगितले.

आम्ही तिला विचारले, याला काय म्हणतात. तिने आधी बापाकडे पाहिले. "शिंगटी," ती म्हणाली, आणि आमच्या हातातल्या यादीकडे बोट करून विचारले, "त्यात कुठं लिवलंय?" आम्ही बोट ठेवून दाखवले. रोमन अक्षरे ती शाळेत शिकली होती. तिने एकेक अक्षर लावून शब्द वाचला, आणि म्हणाली, चुकीचं लिहिलंय.