ल शांबोंची पायवाट



फ्रान्समधील ल शांबों-सुर-लिन्यों हे सुमारे १००० मीटर उंचीवरचे पठारी गाव. पाइनच्या रानांतून, शेतघरांवरून आज लोक तिथे निवांत पायी फिरतात. १९४० ते १९४४ या काळात याच घरांनी ज्यू निर्वासितांना, विशेषतः लेकरांना आसरा दिला. पोलीस आले की मुले रानात लपत.

गावकरी बहुतेक प्रोटेस्टंट. १६८५ नंतर त्यांच्या पूर्वजांनीही श्रद्धेपायी छळ सोसला होता. पाळक आंद्रे त्रोक्मे यांचे नातलग दानिएल आपल्या विद्यार्थ्यांसह पकडले गेले आणि १९४४ मध्ये मायदानेक छावणीत मरण पावले.

चर्चच्या दारावर एकमेकांवर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञा कोरलेली आहे. आम्ही ती मुलांकडून पाठ करून घेतो. त्या गावाने दार उघडून ती पाळली. आपल्या दारावर थाप पडली तर?