नव्या मचव्याच्या पहिल्या फेऱ्या

आपल्या किनाऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्या विद्वानांनी आरमारे पाहिली, जलदुर्ग पाहिले, सरखेल आणि दर्यासारंग पाहिले. आणि ते यथायोग्यच झाले. ज्या किनाऱ्याने कान्होजी आंग्रे यांच्यासारखा सागरी सेनानी दिला, त्याला आपल्या पूर्वपराक्रमाचा अभिमान वाटावा यात नवल ते काय? परंतु ज्या खलाशांच्या बळावर ही आरमारे उभी राहिली, ते खलाशी शिकले कोठे? ते शिकले घरच्या मचव्यावर. बाप, चुलते आणि थोरले भाऊ यांच्या हाताखाली. त्यातही घरात नवा मचवा आला म्हणजे हंगामाच्या आरंभी ज्या लहानसहान फेऱ्या होत, त्या म्हणजे या विद्येची खरीखुरी शाळाच होय. दर्यावर्दी घराण्यांच्या या शाळेचा थोडा परिचय ज्ञातिबंधुभगिनींना करून द्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग ही आपली जुनी बंदरे खाड्यांच्या मुखाशी वसलेली आहेत, हे वाचकांस विदित आहेच. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समुद्राकडून थेट किनाऱ्यावर आदळतो. शिडाचे गलबत वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही; म्हणून अशा वाऱ्यात सापडलेले तारू हळूहळू खडकांकडे लोटले जाते. त्यात खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो व त्यावर लाटा फुटतात. या दोन कारणांमुळे ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत शिडाची वाहतूक बंद राही आणि गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवली जात. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करावा, घरी नारळीभात व्हावा आणि नव्या हंगामाचा आरंभ व्हावा, ही चाल सर्वश्रुत आहे.

परंतु नारळ अर्पण झाला म्हणजे दर्या लगेच शांत झाला, असे आपल्या वाडवडिलांनी कधीही मानले नाही. पौर्णिमेची तिथी चांद्रमासाची, तर वाऱ्याची चाल सूर्याच्या गतीशी बांधलेली. सन २०२३ मध्ये श्रावण अधिक आल्यामुळे ही पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. २०२४ मध्ये ती १९ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये ८ ऑगस्टला आली. एकाच सणात तीन आठवड्यांचे अंतर! शिवाय पौर्णिमेस समुद्राला उधाण असते. मुंबईच्या किनाऱ्यावर अशी भरती साडेचार मीटरांहूनही वर चढते व तितक्याच वेगाने ओसरते. ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर धावत असता समोरून लाट आली, तर मुखावर कसा कल्लोळ उडतो, हे पाहिलेल्यासच कळेल. म्हणून जाणता तांडेल सणाच्या दिवशी नारळ वाहील, पण मुख ओलांडण्यासाठी अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती पाहील. श्रद्धा आणि सावधगिरी यांचा असा सुंदर मिलाफ अन्यत्र क्वचितच दिसेल.

आता ज्या घरी मचवा नवा असे, तेथील गोष्ट पाहू. नवे तारू म्हणजे घराची पुंजी. भावाभावांनी वाटे घालावेत, उरलेल्या रकमेसाठी सावकाराचा उंबरा झिजवावा आणि साग खरेदी करून सुतारास बोलवावे, तेव्हा कोठे ते उभे राही. कर्जाचे व्याज पावसाळ्यातही थांबत नसे. साहजिकच हंगाम उघडताच भाडे किंवा मासळी मिळवावी, अशी घाई प्रत्येकास होई. नेमके या घाईलाच आवर घालणे हे नाखव्याचे पहिले कर्तव्य ठरे.

या संयमाला भक्कम कारणे होती. कोरड्या लाकडाच्या फळ्या पाण्यात पडल्यावर काही दिवस फुगत राहतात. तोवर सांध्यांतून पाणी झिरपते, मग त्यांत कापूस कितीही ठासलेला असो. म्हणून मचवा आधी खाडीच्या शांत पाण्यात नांगरून ठेवावा व पाणी उपसत राहावे. सुती शीड नवे असता ताणते. जोराच्या वाऱ्यात ते एकदम चढविले तर त्याचा आकार कायमचा बिघडतो. काथ्याचे दोरही ताण खाऊन लांबतात. निरम, म्हणजे तारू स्थिर राहावे म्हणून तळात घालावयाचे वजन, किती असावे हेही पुस्तकावरून ठरत नाही. चार दगड पुढे, दोन मागे असे करीत मचवा सुकाणूचे ऐकू लागेपर्यंत ते हलवावे लागते.

याहून अवघड काम शिडाचे. आपल्या गलबतांचे शीड तिरक्या काठीला बांधलेले असते आणि डोलकाठी पुढे झुकलेली असते. दिशा बदलताना पुष्कळदा वाऱ्याला पाठ देऊन तारू वळवावे लागते आणि ती लांब काठी उभी करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावी लागते. या एका हालचालीत चार-पाच जणांनी एकाच क्षणी आपापला दोर ओढावा अथवा सोडावा लागतो. एकाचा हात चुकला तर शीड उलटे भरते आणि मचवा कलंडतो. भरतीच्या वेळी खाडीत घातलेल्या त्या पहिल्या फेऱ्यांत घरची मुले हेच शिकत. कोण धीराचा, कोण उतावळा, सुकाणू कोणाच्या हाती शोभेल, याची पारख तेथेच होई.

खाडीतून मुखापर्यंत, मुखातून शेजारच्या बंदरापर्यंत आणि दिवसाउजेडी परत, अशा वाढत्या क्रमाने विजयादशमी येई. मुंबईतून मोसमी वाऱ्यांच्या माघारीची सरासरी तारीख हवामान खाते ८ ऑक्टोबर धरते. जुन्या माणसांचा अंदाजही याच सुमाराचा. त्यानंतर पहाटे जमिनीवरून मतलई सुटते आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. एकीवर निघावे व दुसऱ्यावर बंदर गाठावे, असा सुखाचा प्रवास मग सुरू होई.

हंगामाच्या या आरंभकाळाचे ज्ञान केवळ पोटापुरते नव्हते. सन १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी यांनी शिवछत्रपतींच्या आज्ञेने थळसमोरील खांदेरी बेटावर माणसे उतरवून तटबंदीचे काम आरंभिले. मुंबईकर इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. परंतु किनारा आणि बेट यांमधील उथळ पाण्यात मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीबेरात्री सामान पोहोचवीतच राहिल्या. मोठ्या जहाजांना तेथे त्यांचा पाठलाग करवेना. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढविला व इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गलबत पाडाव केले. ‘रिव्हेंज’ मात्र हाती लागले नाही. अखेरीस १६८० मध्ये इंग्रजांना बेटाचा नाद सोडावा लागला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरीचा समावेश झाला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला. त्या तटाच्या कामाचे सामान लहान होड्यांतून, पुरत्या न निवळलेल्या दर्यावरून गेले, हेही स्मरणात असावे.

उलटपक्षी, केवळ आकारावर विसंबण्याचे फळ काय होते, हे १७ जुलै १९४७ रोजी दिसले. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. किनाऱ्यावरील कित्येक घरांत तो दिवस अद्याप विसरला गेलेला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे आली आणि व्यवसायातून शीड जवळजवळ नाहीसे झाले. श्रम वाचले, फेरी लांबली, हे हिताचेच झाले. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. तिचा मुख्य हेतू माशांच्या पैदाशीस अवसर मिळावा हा होय. बंदी उठली याचा अर्थ दर्या निवळला असा नव्हे. यंत्राच्या जोरावर १ ऑगस्टलाच मुख ओलांडता येते खरे. परंतु लाट, उधाण आणि वाळूचा उंचवटा ही तिन्ही जेथल्या तेथेच आहेत. हवामान खात्याचा इशारा हाती असताना तो न मानणे म्हणजे वडिलांच्या शहाणपणाकडे पाठ फिरविणेच नव्हे काय?

ज्ञातीतील प्रत्येक घरास एक नम्र विनंती आहे. माळ्यावरच्या पेटीत जुन्या हिशेबाच्या चोपड्या, बंदराच्या पावत्या, मचव्याच्या नोंदणीचे कागद असतील तर ते रद्दीत देऊ नयेत. घरच्या तारवाचे नाव काय होते, ते कोणत्या साली पाण्यात पडले, त्यात कोणाकोणाचे वाटे होते, पहिल्या फेऱ्या कोठवर झाल्या, हे वृद्धांस विचारून तारखेसह लिहून ठेवावे. आजी-आत्यांनाही विचारावे, कर्ज कधी फिटले आणि कोणत्या वर्षी मचवा परतण्यास उशीर झाला, हे त्यांच्या स्मरणात अधिक पक्के असते. अशा नोंदी दहा-वीस घरांतून जरी जमल्या, तरी आपल्या बंदरांचा विश्वसनीय इतिहास उभा राहील. शिडावर हात बसलेली माणसे आता थोडी उरली आहेत. येत्या नारळी पौर्णिमेपूर्वी निदान एका वृद्धापाशी बसून हे काम आरंभावे, एवढीच प्रार्थना.