सात औट किती?

नाशिकच्या मेन रोडवर, दुचाक्यांच्या कलकलाटात, तुम्ही मोबाइल धरून उभे आहात. सहा आकड्यांचा ओटीपी आलाय. तो दुसऱ्या पडद्यावर टाकेपर्यंत तुम्ही पुटपुटताय: चार-दोन-सात, नऊ-एक-तीन. चार-दोन-सात, नऊ-एक-तीन. मागून कुणीतरी कर्कश हॉर्न वाजवतं आणि सगळं पार पुसलं जातं.

चिडू नका. तीच पुटपुट परत सुरू करा, डोळे मिटा आणि तिच्या तालावर मागे चला. चांगली दीड-पावणेदोनशे वर्षं.

उघडा डोळे. तुमचं वय नऊ. डोक्यावर शेंडी, कमरेला पंचा, मांडीखाली शेणानं सारवलेली गार ओसरी. सराफबाजारालगतच्या वाड्यातली ही पंतोजींची शाळा. समोरच्या धूळपाटीवर विटेची लाल भुकटी पसरलीय. काडीनं अक्षर काढायचं, हातानं पुसायचं, परत काढायचं. बोटं लाल, नाक लाल, आणि शिंक आली की शेजाऱ्याची पाटीसुद्धा कोरी! चैत्राचं ऊन अंगणात उतरलंय. घामाचा, शेणाचा आणि पंतोजींच्या तपकिरीचा मिळून एक वास झालाय, तोच या शाळेचा वास.

आणि गलका तर विचारू नका. एक टोळकं बाराखडी ओरडतंय, दुसरं पावकी, तिसरं दिडकी. तांबट आळीतून हातोड्यांचा ठणठणाट येतोय, तो वेगळाच. या गदारोळात पंतोजी हळूच तुमचं नाव घेतात आणि तुमचे कान टवकारतात. बाकीचा गोंगाट इतका वेळ कुणी गाळून टाकला होता? डोक्यातल्या त्या द्वारपालाची चौकशी करायला मानसशास्त्रज्ञ अजून शंभरेक वर्षांनी येणार आहेत. आत्ता तुम्हाला उठायचंय.

"सात औट किती रे?"

औट म्हणजे साडेतीन. तोंड उघडता, पण उत्तर येत नाही. मग तुम्ही पहिल्या पायरीपासून चढायला लागता: औट, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा... छडी हवेत सपकन वाजते. पायरी चुकते. पुन्हा औटापासून. पोटऱ्यांवर वळ उमटतो. शिक्षा म्हणून वाकून अंगठे धरायचे. डोक्यात रक्त उतरतं, घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकतो आणि उलट्या दिसणाऱ्या ओसरीत तुम्हाला फक्त पंतोजींच्या खडावा दिसतात.

पंतोजींचा हिशेब साधा आहे: छडी आत, पाढा बाहेर. पुढे 1913 साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन हेच जरा सभ्य भाषेत मांडतील. बाहेरून काय दिलं आणि बाहेर काय आलं तेवढं मोजा, मधल्या डोक्यात डोकावू नका.

संध्याकाळी आई गूळ आणायला पाठवते. वाण्याच्या दुकानात गुळाच्या ढेपांवर मुंगळे, तेलाचा खवट वास, अंगाला अंग लावून उभी गिऱ्हाइकं. सात शेर गूळ, औट पैसे शेर. वाण्याचा पोरगा तुमच्याच वयाचा. तराजूवरची नजर न हलवता तो म्हणतो, "सहा आणे, वर अर्धा पैसा." साडेचोवीस पैसे! तो पायऱ्या चढलाच नाही, थेट गच्चीवर उतरला. दिवसभर गिऱ्हाइकं त्याला मधूनच विचारतात, म्हणून त्याला मधूनच सांगता येतं. तुम्ही मात्र पाढा माळेसारखा ओवलाय. एक मणी हवा तर सगळी माळ ओढावी लागते.

घरी दिवेलागण. समईपुढे मांडी घालून परवचा म्हणायची वेळ. तेलकट धूर डोळ्यांत जातोय, पोटऱ्या ठणकताहेत. तुम्ही साडेसतरापाशी अडखळता, एकवीसही कसंबसं आठवतं, आणि उंबऱ्याआडून आवाज येतो: "साडेचोवीस."

ती ताई. शाळेत ती कधीच गेली नाही, तिथे मुलगी एकही नाही. तिला छडी नाही, शाबासकी नाही, रोज नुसता तुमचा परवचा ऐकत ती तांदूळ निवडते. मग पाढा तिच्या डोक्यात शिरला कधी?

हाच प्रश्न पुढे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांना उंदरांनी घातला. भुलभुलैयात काही खायला न मिळता नुसते हिंडलेले उंदीर, खाणं ठेवताच झपाट्यानं वाट काढू लागले. म्हणजे वाट आधीच डोक्यात उतरली होती. बोधनिक मानसशास्त्राचं दार अशाच कोड्यांनी किलकिलं झालं: छडी आणि उत्तर यांच्या मधे जे घडतं, तेच तर बघायचंय! 1956 साली जॉर्ज मिलर यांनी सांगितलं, की एका वेळी माणसाला साधारण सातच गोष्टी मनात धरता येतात. पण मेथीच्या सुट्या काड्या मुठीत मावत नाहीत, जुडी मावते. ताईनं अख्खी औटकी एका जुडीत बांधलीय, म्हणून तिची मूठ पुढच्या हिशेबाला मोकळी.

"ताई, कसं गं येतं तुला?"

"तू रोज तिथंच अडतोस," ती सूप पाखडत म्हणते. "मला ती जागाच पाठ झालीय."

हॉर्न! मेन रोड. तुमच्या पोटऱ्या शाबूत आहेत. नवा ओटीपी आलाय, आणि तुमच्या ओठांनी न विचारताच त्याच्या तीन-तीनच्या दोन जुड्या बांधल्यात. या वेळी तो जमतो.

कोपऱ्यावर भाजीवाली मावशी बसलीय. साठ रुपये किलोचे टोमॅटो तुम्ही दीड किलो घेता आणि मोबाइलवर कॅल्क्युलेटर शोधू लागता.

"नव्वद," मावशी म्हणते. "पिशवी धरा की दादा."