मधला माणूस

आमच्या हट्ट्याकडची जुनी माणसे रुपयाला नुसता रुपया म्हणत नसत. हाली की कलदार, हा प्रश्न आधी यायचा. निजामाच्या राज्यात हाली सिक्का, सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. सात हालीला सहा कलदार असा हिशेब. १९४८ साली संस्थान भारतात आले, तरी हाली सिक्का १९५९ पर्यंत टिकून होता. दोन्हीकडचे नाणे पारखून बदलून देणारा सराफ मध्ये बसे. तो मधला माणूस काळाबरोबर गेला, असे मी समजत होतो. गेला कुठला! तो मुंबईस राहायला गेला आहे.

रिझर्व्ह बँक आणि बँकांचा संघ यांच्या पुढाकाराने २००८ साली तेथे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. प्रत्येक बँकेची संगणकातली चोपडी निराळी, एकीची भाषा दुसरीस कळायची नाही. त्या सर्वांमध्ये बसून निरोप्याचे काम करणारी यूपीआय ही व्यवस्था ११ एप्रिल २०१६ रोजी रघुराम राजन यांच्या हस्ते सुरू झाली. आरंभी बँका होत्या २१.

किराणा दुकानातल्या पाटीवरची चौकट मी फोनने टिपली, की निरोप या मधल्याकडे जातो. तो आधी दुकानदाराचे खाते कोठे आहे ते विचारतो. मग माझ्या बँकेस सांगतो, ‘एवढे वजा करा.’ वजा झाल्याचा होकार येताच दुकानदाराच्या बँकेस सांगतो, ‘एवढे जमा करा.’ नकार आला तर वजा झालेले परत फिरवायचे. पण समोरून काहीच उत्तर आले नाही तर? खरी पंचाईत तेथे आहे.

एका दिवाळीत माझी अशीच गत झाली. तेल-रव्याचे पैसे वजा झाले, दुकानदारास मात्र पोचले नाहीत. मागे गिऱ्हाइकांची रांग, हातात पिशवी. शिक्षकाने उधार मागावे तरी कसे? दुकानदारच म्हणाला, “न्या गुरुजी, सणासुदीचं घर आहे.” असे पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप परत न आल्यास रोजी शंभर रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम मला तेव्हा ठाऊक नव्हता. माझे दुसऱ्याच दिवशी आले. रात्र मात्र ‘आले का, आले का’ यातच गेली.

हीच घाई बँकांनाही असते, हे पुढे कळले. १२ एप्रिल २०२५ रोजी, ऐन हनुमान जयंतीस, देशभर यूपीआय काही तास अडखळले. तपासात निघाले ते असे : काही बँकांच्या यंत्रांनी जुन्यानव्या व्यवहारांचे ‘काय झाले?’ म्हणून इतक्या वेळा विचारले, की उत्तरे देता देता मधल्याला मूळ कामास उसंतच उरेना. रोग्याची नाडी पाहायला गावच्या गाव खाटेभोवती गोळा व्हावे, तसे झाले!

मग १ ऑगस्ट २०२५ पासून शिस्त आली. अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीनदाच करावी, दोहोंत नव्वद सेकंद जाऊ द्यावेत. एका अॅपवर दिवसात पन्नासदाच शिल्लक पाहावी. मी त्या दिवाळीच्या रात्री शिल्लक किती वेळा पाहिली, ते सांगत नाही. पन्नासाच्या आत असावी.