कोरियाची फायनल आपल्या नेरुळात झाली होती, आठवतंय का?

कोरियन बेसबॉलचे व्हिडीओ सध्या मोबाईलवर फिरतायत. अख्खी गॅलरी एका सुरात गातेय, प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं, हातात तळलेलं चिकन. परदेशी पाहुणासुद्धा तासाभरात गायला लागतो. गावातल्या एका पोराने विचारलं, "दादा, आपल्याकडं असं का नाय?"

मंडळी, कोरिया आपल्या दारात येऊन गेलाय. 6 फेब्रुवारी 2022, डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला आशियाई चषक फुटबॉलची फायनल. करावे गावातून रिक्षाने जाण्याइतकं अंतर. कोरियाच्या मुली पहिल्यांदाच या स्पर्धेच्या फायनलला पोचल्या होत्या. हाफ टाईमला 2-0 ने पुढे. मग चीनने दोन्ही गोल फेडले आणि इंज्युरी टाईममध्ये तिसरा मारला. 3-2. असा सामना, आणि कोरोनामुळे गॅलऱ्या रिकाम्या! भारताच्या मुलींना तर लागण झाल्यामुळे आधीच स्पर्धा सोडावी लागली होती. त्यात त्याच सकाळी लतादीदी गेल्या. आम्हा पत्रकारांचं सगळं लक्ष शिवाजी पार्ककडे. कोरियाची फायनल आपल्या शेजारी झाली, हे शेजाऱ्यांनाच कळलं नाही.

आता त्या गाण्यांचं. कोरियातली व्यावसायिक बेसबॉल लीग 1982 साली सुरू झाली, सहा संघांनिशी. पहिला चेंडू कोणी टाकला? लष्करशहा चुन दू-ह्वान यांनी. दोनच वर्षांपूर्वी, मे 1980 मध्ये, ग्वांगजू शहरात त्यांच्या सैन्याने आंदोलकांवर गोळ्या घातल्या होत्या. लोकांनी खेळात रमावं, राजकारण विसरावं, हा हिशेब होता असं आजही बोललं जातं. संघ मोठ्या कंपन्यांचे: सॅमसंग, लोट्टे. पण गंमत बघा, ग्वांगजूला जो संघ मिळाला, हैताई टायगर्स, त्याने 1983 ते 1997 मध्ये नऊ विजेतेपदं मारली. दुखावलेल्या शहराने तो संघ आपला मानला आणि गॅलरीत 'मोक्पोचे अश्रू' हे जुनं गाणं गायलं. सरकारने विसरायला दिलेला खेळ लोकांनी आठवण ठेवायला वापरला.

जासईचा गोळीबार जानेवारी 1984 चा. पाच हुतात्मे. दि. बा. पाटलांचं ते आंदोलन जमिनीच्या मोबदल्याचं होतं, त्यातूनच पुढे साडेबारा टक्के आले. ग्वांगजूशी बरोबरी करत नाही, पण काळ तोच आणि गोळ्याही सरकारीच. 95 गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. 2008 मध्ये त्यात स्टेडियम आलं आणि पहिल्याच आयपीएलची फायनल तिथे झाली. त्या संघांत आपल्या गावांचं काय होतं? ट्रॅफिक, आणि काय!

गाणं आपल्याकडं नाही असं कोण म्हणतं? आगरी-कोळी गावांतल्या टेनिस बॉलच्या टुर्नामेंट बघा. माईकवर कॉमेंट्री, बेंजो, बाजूला वडापाव. कोरियाची गॅलरी आयपीएलपेक्षा या गावकीच्या टुर्नामेंटच्या जवळची आहे. तिथे बाहेरचं खाणं आत नेता येतं. आपल्या मोठ्या मैदानांच्या गेटवर पाण्याची बाटलीही काढून घेतात. एक फरक मोठा: तिथली बहुतेक बेसबॉल मैदानं महापालिकांच्या मालकीची आहेत, कंपन्या ती वापरतात. आपल्या पालिकेकडे खेळाच्या मैदानांचे भूखंड आहेत. त्यातले किती गावांच्या टुर्नामेंटला परवानगीच्या फेऱ्या न मारता मिळतात, हे यंदाच्या नगरसेवकांना विचाराच.